मानसशास्त्राच्या पदवीची उद्दिष्टं आणि गुणदानाचे निकष कसे ठरवावेत : कोकणातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

जूनमध्ये रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख एक फाइल हातात देतात. "सीओ-पीओ तेवढे करून ठेवा, नॅकला लागतात." सीओ म्हणजे प्रत्येक पेपरची उद्दिष्टं, पीओ म्हणजे सगळ्या पदवीची, आणि नॅक म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था. फाइलमध्ये मागच्या वर्षीचे कागद असतात आणि प्रत्येक पेपरखाली त्याच चार ओळी: विद्यार्थ्यांना अमुक संकल्पनेची ओळख होईल, तमुक सिद्धांत समजेल, जाणीव निर्माण होईल. वर्ष बदलायचं आणि सही करायची.

माझ्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं. मार्चमध्ये प्रात्यक्षिकाची जर्नल्स तपासताना त्याचा फटका बसला. एकच जर्नल मी आणि बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी वेगवेगळं तपासलं. माझे वीसपैकी १४, त्यांचे ८. मी मांडणी आणि आलेख पाहिले होते, त्यांनी चर्चेचा भाग पाहिला होता. दोघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. ज्या मुलीचं ते जर्नल होतं ती राजापूरच्या पुढच्या गावातून पहाटेची एसटी पकडून यायची. आम्ही तिच्याकडून नेमकं काय मागतोय हे वर्षभरात तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपला विषय मोजमापाचा आहे. विश्वसनीयता म्हणजे काय, वैधता म्हणजे काय, हे आपण मुलांना उदाहरणं देऊन शिकवतो. एकाच उत्तराला दोन परीक्षक १४ आणि ८ देत असतील तर ती चाचणी विश्वसनीय नाही, हे आपलीच मुलं सांगू शकतील. म्हणून प्रश्नपत्रिका आणि गुणपत्रक ही मानसशास्त्रीय चाचणीच आहे असं समजून ती बांधायची. पुढे लिहिलेली प्रत्येक पायरी यातूनच आली आहे.

आधी हातात काय आहे ते पाहा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधली बहुतेक महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. तुमचं कॉलेज स्वायत्त नसेल तर अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं आणि त्यातली घटकवार मांडणी तुम्ही बदलू शकत नाही. त्याने हिरमुसू नका. त्या घटकांतून विद्यार्थ्याला काय *करता* यावं, अंतर्गत मूल्यमापनात काय विचारावं, जर्नल कोणत्या निकषांवर तपासावं, क्षेत्रप्रकल्प कसा आखावा, हे सगळं तुमच्याच हातात राहतं, आणि ते थोडं नाही.

क्रेडिटचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. तासिकांचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट लागतात. दोन क्रेडिटच्या पेपरला वर्गात ३० तासच मिळणार. त्या ३० तासांसाठी बारा उद्दिष्टं लिहिणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. चार पुरेत, पाच म्हणजे फार झाली.

पदवीची उद्दिष्टं: पाच-सहा वाक्यं, त्याहून जास्त नाही

तीन वर्षांनी हा विद्यार्थी आपल्या दारातून बाहेर पडेल तेव्हा त्याला काय यायला हवं? हा प्रश्न विभागातल्या सगळ्यांनी मिळून सोडवायचा आहे. विभागात दोघंच असाल तर दोघांनी. आधार म्हणून अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पदवीसाठीची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. त्यांच्या २०१३ च्या आवृत्तीत पाच उद्दिष्टं होती: विषयाचं ज्ञान, शास्त्रीय शोध आणि चिकित्सक विचार, नैतिक आणि सामाजिक जबाबदारी, संवादकौशल्य आणि व्यावसायिक विकास. २०२३ च्या आवृत्तीतही पाचच ठेवली, शब्द बदलले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानेही अध्ययन-निष्पत्तीवर आधारलेला आराखडा दिला आहे. दोन्ही वाचा, पण नक्कल करू नका. ती वाक्यं आपल्या मुलांच्या वाटेला लावून पाहा.

आमच्या विभागाने सहावं उद्दिष्ट जोडलं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: आपल्या मर्यादा ओळखणं. गावात एखादी मुलगी सायकॉलॉजी घेऊन बीए झाली की ती 'सायकॉलॉजीवाली' होते. शेजारच्या काकी विचारतात, "अगो, आमचो झील (मुलगा) रातभर झोपत नाय, जरा बघशील?" तेव्हा तिला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत. शांतपणे ऐकून घेणं, निदान न करणं आणि योग्य ठिकाणी पाठवणं. बीए झालेली व्यक्ती चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नसते. त्यासाठी पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. ही माहिती पाठ असणं आणि ती समोरच्या घाबरलेल्या माणसाला नीट सांगता येणं, यांतली दुसरी गोष्ट आपलं उद्दिष्ट आहे. तिची परीक्षाही भूमिका-अभिनयाने घेता येते, दहा मिनिटांत.

पेपरची उद्दिष्टं लिहिताना क्रियापद सांभाळा

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांची उद्दिष्टांची उतरंड १९५६ ची. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी तिची सुधारित मांडणी केली: आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं, मूल्यमापन करणं, नवं घडवणं. बीएडला हे घोकलं असेल तर आता त्याचा उपयोग करा. 'समजेल', 'जाणीव होईल', 'ओळख होईल' ही क्रियापदं उद्दिष्टातून काढून टाका, कारण ती बाहेरून दिसत नाहीत. जे दिसत नाही ते तपासणार कसं?

उदाहरणार्थ स्मृतीचा घटक घ्या. "विद्यार्थ्यांना स्मृतीच्या प्रक्रियेची माहिती होईल" हे जुन्या फाइलमधलं वाक्य. त्याऐवजी असं लिहा: "एखाद्या प्रसंगाची आठवण प्रश्नाच्या शब्दांमुळे कशी बदलू शकते, हे विद्यार्थी छोट्या प्रयोगाने दाखवेल आणि निकालाचा अर्थ लावेल." वाक्य बदललं की शिकवणंही बदलतं. आता तुम्हाला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग नुसता सांगून भागणार नाही. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारताना फक्त क्रियापद बदललं. सर्वांत जोरदार क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला, सर्वांत सौम्य वापरलं तेव्हा सुमारे ३२. हाच प्रयोग मुलांना मराठीत करू द्या. एकच चित्रफीत, अर्ध्या वर्गाला "गाडी किती वेगाने आदळली?" आणि अर्ध्याला "किती वेगाने घासली?" निकाल तसाच येईल असं नाही. नाही आला तरी का नाही आला, यावर मुलं जे लिहितील त्यातच तुमचं उद्दिष्ट तपासलं जातं.

उद्दिष्ट, शिकवणं आणि परीक्षा या तिन्हींनी एकाच दिशेने तोंड करावं, असं जॉन बिग्ज १९९६ पासून सांगत आले. उद्दिष्टात 'विश्लेषण' आणि प्रश्नपत्रिकेत 'टिपा लिहा' अशी गत आपल्याकडे वारंवार दिसते. मुलं प्रश्नपत्रिकेवर विश्वास ठेवतात, उद्दिष्टांच्या कागदावर नाही.

आणखी एक प्रश्न नमुन्यादाखल देते, कारण तो मला फार उपयोगी पडला आहे. ऋण प्रबलन (नकोसं काही थांबल्याने वर्तन वाढणं) आणि शिक्षा (जिच्यामुळे वर्तन कमी होतं) यांत मुलं हमखास गोंधळतात. व्याख्या विचारली तर सगळ्यांना येते, कारण ती पाठ असते. म्हणून प्रसंग द्या: "बाळ रडतं, आई हातात मोबाइल देते, बाळ गप्प होतं. पुढच्या वेळी बाळ लवकर रडतं आणि आईही लवकर मोबाइल देते. कोणाचं कोणतं वर्तन कोणत्या प्रबलनाने वाढलं?" बाळाच्या रडण्याला धन प्रबलन, कारण हवंसं काही मिळतं; आईच्या मोबाइल देण्याला ऋण प्रबलन, कारण नकोसा आवाज थांबतो. ज्याला हे दोन्ही सुटं करून सांगता आलं त्याला संकल्पना आली.

तीन वर्षांची चढण

एकच कौशल्य तीन वर्षं कसं वाढतं ते लिहून काढा. संशोधन-अहवालाचं घ्या. प्रथम वर्षाला तयार तक्ता देऊन "यातून काय दिसतं ते चार ओळींत सांग" एवढंच. द्वितीय वर्षाला ठरलेला प्रयोग करून अभ्युपगम (आधी मांडलेला, तपासायचा अंदाज), पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा असा पूर्ण अहवाल. तृतीय वर्षाला प्रश्न स्वतःचा, साधन स्वतः निवडलेलं आणि त्या साधनाची मर्यादा स्वतःच्या शब्दांत.

चिकित्सक विचाराचीही अशीच चढण असते. एका मुलाने प्रकल्पात लिहिलं होतं की पावसाळ्यात बंदरावरच्या लोकांना उदास वाटतं, म्हणजे पावसाने उदासी येते. प्रथम वर्षाला हे चालेल. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र सुचायला हवं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हातात रोज पैसा येत नाही, खलाशी घरी परततात आणि शाळांचा खर्चही याच सुमारास येतो. पाऊस, बंदी आणि उत्पन्न एकाच वेळी बदलतात. यांतलं कारण कोणतं हे फक्त पाऊस पाहून ठरवता येत नाही. इतकं सुचलं की सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक त्याला कळला, मग पुस्तकी व्याख्या त्याने चुकीची लिहिली तरी मी गुण कापणार नाही.

निकषतक्ता: इथे वेळ घाला

रुब्रिक म्हणजे निकषतक्ता. 'उत्तम, चांगलं, बरं, असमाधानकारक' असे चार रकाने आखले म्हणजे तो तयार होत नाही. प्रत्येक रकान्यात काय *दिसलं* की तो रकाना लागतो, हे लिहावं लागतं. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमधल्या 'चर्चा' या भागाचे पाच गुण आम्ही असे ठरवले.

फक्त आकडे पुन्हा शब्दांत लिहिले असतील तर एक. अभ्युपगम टिकला की नाही ते सांगितलं, पण कारण दिलं नाही, तर दोन. निष्कर्ष सिद्धांताशी जोडला असेल तर तीन. त्याबरोबर *या* प्रयोगाची एक मर्यादा सांगितली असेल तर चार. 'नमुना लहान होता' ही मर्यादा धरायची नाही, ती प्रत्येक जर्नलमध्ये असते. दुसरं संभाव्य स्पष्टीकरण देऊन ते कसं तपासता येईल हेही सांगितलं असेल तर पाच.

पाच गुणांचं उत्तर कसं असतं? आरशात पाहून तारा गिरवण्याच्या प्रयोगात उजव्या हाताच्या सरावानंतर डाव्या हाताचा वेळ कमी होतो आणि मुलं लिहितात, कौशल्याचं संक्रमण झालं. पाच गुणांचा विद्यार्थी पुढे लिहितो: "पण डाव्या हाताने सुरुवातीला एकदा तारा गिरवलाच होता, तोही सराव झाला. म्हणून उजव्या हाताचा सराव न दिलेला दुसरा गट घ्यायला हवा." असं उत्तर द्वितीय वर्षाला वर्गात दोघातिघांनी लिहिलं तरी मला वर्ष सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

निकषतक्ता जूनमध्येच मुलांना द्या, मराठीत, एका पानावर. त्यासोबत जुन्या जर्नलमधले तीन नमुने वर्गात वाचून मुलांनाच गुण द्यायला लावा. हा एक तास मी कधीही वाया गेला असं म्हणणार नाही.

भाषेचा निकष वेगळा आणि लहान ठेवा. आपल्या मुलांच्या लिहिण्यात मालवणी किंवा संगमेश्वरी वळण येतं. अर्थ स्पष्ट असेल तर त्याचे गुण जाऊ नयेत. पण 'वेदन' (सेन्सेशन) आणि 'संवेदन' (परसेप्शन) यांची अदलाबदल ही बोलीची चूक नाही, ती विषयाची चूक आहे आणि तिथे गुण जायला हवेत. संज्ञांची एक विभागीय यादी करून टाका, म्हणजे एक शिक्षक 'अभिसंधान' म्हणतो आणि दुसरा 'कंडिशनिंग', यात मूल भरडलं जात नाही. दोन्ही शब्द मान्य, असं लिहूनच ठेवा.

वाडीत कुणाचंच काही लपत नाही

क्षेत्रप्रकल्प आणि मुलाखती यांच्या निकषांत गोपनीयता असते. पुस्तक सांगतं, नाव बदला. मुंबईत तेवढं पुरेल. पंचवीस घरांच्या वाडीत "सौ. क, वय ४२, पती दुबईला, काजूच्या कारखान्यात कामाला" असं लिहिलं की नाव न लिहिताही सगळ्यांना कळतं. म्हणून आमच्या निकषात स्पष्ट म्हटलं आहे: गाव, नेमकं वय, व्यवसाय आणि कुटुंबातली वेगळी ओळख पटवणारी बाब, यांपैकी काहीही अहवालात राहिलं तर तो परत जाईल, कितीही चांगला असला तरी. आणि मुलाखत स्वतःच्या वाडीत घ्यायची नाही. शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या मित्राशी गावं बदलून घ्यावीत.

संमतीचंही तसंच. इथे कुणी 'नाही' म्हणत नाही, कारण मुलगी ओळखीची असते. त्या होकाराला संमती समजू नये. संमतीपत्र वाचून दाखवलं का, मध्येच थांबता येईल हे सांगितलं का, हे विद्यार्थ्याने अहवालात लिहावं आणि त्याला गुण असावेत.

गावात देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. प्रकल्पात मुलं एका ओळीत लिहून मोकळी होतात: "गावकरी अंधश्रद्ध आहेत." हे निरीक्षण नाही. आमचा निकष असा आहे की आधी वर्णन करा, मग मत द्या. कोण आलं, काय सांगितलं, गाऱ्हाण्यानंतर त्या माणसाला कसं वाटलं, आणि त्यामुळे उपचाराला उशीर झाला का. शेवटचा प्रश्न टाळणाऱ्यालाही पूर्ण गुण नाहीत. लोक दुःख कोणत्या शब्दांत सांगतात तेही टिपायला लावा: जीव घाबरा होतो, डोक्यात किरकिर होते, कशात मन लागत नाही. इंग्रजी प्रश्नावली घरी बसून मराठीत आणली तर हे शब्द तिच्यात नसतात. भाषांतर केलंच तर दुसऱ्या कुणाकडून ते परत इंग्रजीत करून मूळ वाक्याशी ताडून पाहणं हा किमान निकष ठेवा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. मुलांच्या दुःखाला गुण देऊ नका. 'ताण आणि समायोजन' शिकवताना "तुमच्या आयुष्यातला कठीण प्रसंग लिहा" ही असाइनमेंट सोपी वाटते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीच्या वाड्या झोपवल्या. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं बसलेली असू शकतात. वीस गुणांसाठी त्यांना ते पुन्हा उकरायला लावण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि ज्याने जास्त भोगलं त्याला जास्त गुण अशी विकृत गोष्टही त्यातून घडते. काल्पनिक प्रसंग द्या. स्वतःचं लिहायचंच असेल तर ते पर्यायी आणि बिनगुणी असावं, आणि वाचून आपण काय करणार हे आधी सांगितलेलं असावं.

वेळापत्रक आणि तपासणी

अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा जूनमध्येच ठरवा. गणपतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा मोकळा सोडा, शिमग्याचेही दिवस सोडा. कागदावर कॉलेज सुरू असतं, मुलं मात्र घरी पाहुण्यांच्या गर्दीत असतात. जुलैत मोठी चाचणी ठेवू नका, एक पूल पाण्याखाली गेला की अर्धा वर्ग गैरहजर. प्रात्यक्षिक शेवटच्या एसटीच्या वेळेआधी संपेल असं बसवा. एका मोठ्या चाचणीऐवजी चार छोट्या घ्या. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने, काही दिवसांनी तपासलं तर, जास्त लक्षात राहतं. म्हणजे छोटी चाचणी ही शिकवण्याचाच भाग आहे.

तपासताना एक विद्यार्थी संपवून दुसरा घेऊ नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये ज्याला प्रभावलय परिणाम म्हटलं तो आपल्यालाही होतो: पहिलं उत्तर सुरेख अक्षरात असलं की पुढच्या उत्तरांनाही हात सैल सुटतो. नाव झाकून तपासा. दहा जर्नल्स दोघांनी वेगवेगळी तपासून गुण ताडा, आणि पाच गुणांच्या प्रश्नात एकाहून जास्त फरक आला तर वाद माणसांचा नाही, निकषाच्या शब्दांचा आहे असं समजून शब्द दुरुस्त करा. विभागात एकटेच असाल तर शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातल्या सहकाऱ्याला फोटो पाठवा, नाव कापून.

बहुपर्यायी प्रश्नांचं विश्लेषण तर करायलाच हवं, अर्ध्या तासाचं काम आहे. समजा वर्गात ६० मुलं आहेत. एकूण गुणांनुसार वरची २७ टक्के आणि खालची २७ टक्के घ्या, म्हणजे प्रत्येकी १६. एक प्रश्न वरच्यांपैकी १३ जणांनी आणि खालच्यांपैकी ५ जणांनी बरोबर सोडवला. काठिण्य, म्हणजे बरोबर सोडवणाऱ्यांचं प्रमाण, ३२ पैकी १८, म्हणजे ०.५६. भेदकता, म्हणजे प्रश्न वरच्या आणि खालच्या मुलांत किती फरक करतो ते, (१३ वजा ५) भागिले १६, म्हणजे ०.५. चांगला प्रश्न. भेदकता शून्याजवळ आली तर प्रश्न निरुपयोगी. उणे आली, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते किंवा दोन पर्याय बरोबर असतात. तेव्हा ताबडतोब गुण दुरुस्त करा.

कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आपल्याकडे येणारी मुलं गुण मिळवायला शिकलेली असतात, मेहनती असतात. पाठांतराच्या प्रश्नपत्रिकेत तीच मुलं पुन्हा ८० टक्के घेतील आणि आपलं साध्यता-पत्रक, म्हणजे अटेनमेंट, हिरवंगार दिसेल. म्हणून ते भरताना प्रत्येक उद्दिष्टासमोर कोणता प्रश्न होता ते लिहा. ठरावीक टक्के मुलांनी ठरावीक गुण ओलांडले का, हे गणित सोपं आहे आणि कॉलेजच्या नमुन्यात असतंच. सीओ-पीओच्या तक्त्यात प्रत्येक चौकटीत ३, म्हणजे सर्वांत जास्त संबंध, भरण्याचा मोह मात्र टाळा. 'मानसशास्त्राचा इतिहास' या घटकाने संवादकौशल्य किती वाढलं? वाढलं नसेल तर तिथे रेघ मारा. रिकामी चौकट पाहून नॅकची समिती रागावत नाही. ती विचारते, आणि आपल्याकडे उत्तर असतं.

एप्रिल संपायच्या आत, सगळे आंब्याच्या आणि घरच्या कामात अडकण्याआधी, विभागाची एक बैठक घ्या. जे उद्दिष्ट साधलं नाही तेवढंच चर्चेला घ्या आणि पुढच्या वर्षासाठी त्यातली एकच गोष्ट बदला. त्याच दिवशी प्रत्येक पेपरची तीन उत्तरं निवडा, एक उत्तम, एक मध्यम, एक कमकुवत. नावं कापून झेरॉक्स काढा, बाजूला कोणत्या निकषाने किती गुण दिले ते लिहा आणि फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा. पुढच्या जूनमध्ये जो कोणी नवा रुजू होईल, त्याच्या हातात आधी ते कागद पडायला हवेत.